मला पडलेली दोन मतं

आमच्या ग्रामपंचायतीचा इतिहास कुणी लिहायला घेतला तर तो एका पानात आटोपेल. आधी आमचं गाव शेजारच्या गावाच्या पंचायतीत होतं. तिथे आमचं कुणी ऐकेना, म्हणून वडिलांच्या पिढीने अर्जविनंत्या करून वेगळी पंचायत मिळवली. आमचं गाव, ओढ्यापलीकडची दोन छोटी गावं आणि डोंगराच्या पायथ्याची ठाकरवाडी. कचेरी आधी देवळाच्या धर्मशाळेत होती, मग पत्र्याच्या खोलीत, आता लादी बसवलेल्या इमारतीत आहे. भिंतीवर सरपंचांच्या नावांचा फलक आहे. आणि सगळ्यात शेवटी एक ओळ लिहावी लागेल की या पंचायतीत आजवर एकदाच मतदान झालं, आणि ते माझ्यामुळे झालं.

कर्जत तालुक्याबाहेरच्या माणसाला नवल वाटेल, पण आमच्याकडे पंचायत हे दुसरं सरकार. पहिलं सरकार म्हणजे गावकी. घरटी एक माणूस देवळाच्या मंडपात बसतो, आणि कोणत्या जागेवर कोण सदस्य होणार हे तिथे तोंडी ठरतं. तालुक्याला फक्त कागद जातात. निवडणूक बिनविरोध होते आणि आम्ही रस्त्यावर फलक लावतो की गावात एकी आहे. या एकीत वाडीला कुणी विचारायचं नाही. वाडीच्या राखीव जागेवर कोण बसणार हेसुद्धा देवळातच ठरायचं, आणि वाडीचा माणूस तेव्हा चपलांपाशी उभा असायचा. मी आत बसलेला असायचो, त्यामुळे याबद्दल बोलायला मला तोंड नाही.

आत माझी गरज लागायची ती अक्षरामुळे. कर्जतच्या एका शाळेत मी आयुष्यभर कारकून होतो. जातीचा दाखला, घरपट्टी बाकी नसल्याचा दाखला, घरात शौचालय असल्याचा दाखला, बँकेच्या पासबुकाची नक्कल, हे सगळं जुळवून अर्ज भरणं गावात मला एकट्याला जमायचं. पंचवीस वर्षं सगळ्यांचे अर्ज मी भरले. मला कुणी 'तू उभा राहतोस का' असं विचारलं नाही. नवरदेवाचा फेटा बांधणाऱ्याला कुणी विचारतं का, तुझं लग्न कधी?

अर्जांबरोबर डमी अर्जही मीच भरायचो. छाननीत एखाद्याचा अर्ज उडाला तर जागा रिकामी राहू नये म्हणून प्रत्येक जागेसाठी आणखी एकाचा अर्ज भरून ठेवायचा, आणि माघारीच्या दिवशी तालुक्याला जाऊन तो मागे घ्यायचा. गावकीने सांगितलं की डमी व्हायचं, गावकीने सांगितलं की उठायचं. त्या वर्षी आमचं गाव आणि वाडी मिळून जो प्रभाग होतो, त्यातल्या एका जागेचा डमी मी होतो. खरा उमेदवार होता माझा मित्र.

मित्र म्हणजे पहिलीपासूनचा. भाताची शेती, एक टेंपो, बोलणं कमी. माझी बायको गेली, मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली, आणि त्यानंतर रोज संध्याकाळी हा माझ्या ओटीवर येऊन बसायचा. फार काही बोलायचा नाही. एकदा मी त्याला विचारलं, कंटाळा येत नाही का रे तुला? तो म्हणाला, "घरी बसलो तरी गप्पच बसतो मी. हितं बसलो तर तू तरी बोलतोस." त्या एका तासावर माझा दिवस उभा असायचा, आणि हे त्याला ठाऊक होतं असं मला वाटतं.

माघारीच्या दिवशी आम्ही सात डमी जीप करून कर्जतला गेलो. माघारीचे सातही अर्ज मी आदल्या दिवशी स्वतःच्या हाताने भरून ठेवले होते. तहसील कचेरीत गर्दी होती. आमच्यातल्या एका म्हाताऱ्याने सही करायच्या जागी करायची सोडून भलतीकडेच केली, वर खोडलीही. साहेब तो कागद घेईनात. वेळ जायला लागला तसा मी माझ्या अर्जावरच्या माझ्या नावावर नीट काट मारून त्याच्यावर म्हाताऱ्याचं घालायला निघालो, तर साहेब म्हणाले खाडाखोड चालणार नाही. शेवटी शिपायाकडून एकच कोरा अर्ज मिळाला. तो मी म्हाताऱ्याला भरून दिला आणि माझ्यासाठी दुसरा आणायला त्या शिपायाला शोधत राहिलो. तेवढ्यात म्हाताऱ्याला चक्कर आली. त्याला बाहेर नेलं, पाणी पाजलं, भजी खायला घातली. म्हातारा भजी खाऊन टुणटुणीत झाला आणि आम्ही जीपमध्ये बसलो.

कशेळ्याच्या अलीकडे मी पिशवीतल्या पोचा मोजल्या. सहा होत्या.

मी जीप वळवायला लावली. आम्ही पोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते, आणि उमेदवारांची यादी भिंतीवर चिकटवून वर डिंकाचा हात फिरत होता. साहेबांनी मला भिंतीवरचं घड्याळ दाखवलं. लोकांना सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! पंचवीस वर्षं दुसऱ्यांना मुदती समजावून सांगणारा मी, आणि गावाची बिनविरोधची परंपरा माझ्याच हातून मोडली.

दुसऱ्या दिवशी गावकी बसली. मी सगळं जसं घडलं तसं सांगितलं. निम्म्यांना पटलं, निम्म्यांना नाही. एक जण म्हणाला, "बाकीच्या सा जणांचं बरोबर काढून घेतलंस, सोताचंच कसं रायलं?" देवापुढच्या नारळावर हात ठेवून मी दोन गोष्टी बोललो. चूक ही चूकच होती, आणि माझं स्वतःचं मतही मी मित्रालाच देईन. मित्र खांबाला टेकून बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

पुढचे दहा दिवस तो ओटीवर आला नाही. मला कुणी वाळीत टाकलं नाही, कुणी वाईट बोललं नाही. फक्त मी देवळापाशी गेलो की बोलणं थांबायचं आणि पावसापाण्याची चौकशी सुरू व्हायची. त्या दहा दिवसांत मला कळलं की गावात माझं बोलणं एका माणसाशी होतं, बाकी सगळ्यांशी फक्त कागदांचा संबंध होता.

मतदानाच्या आदल्या संध्याकाळी तो आला. नेहमीच्या जागी बसला. म्हणाला, "म्हाताऱ्याला चक्कर आल्याली खरं का?"

"खरं."

"मंग झालं. सोड आता. उद्या बटन दाब आन् मोकळा हो."

तो गेल्यावर मी एकटाच हसलो. मला इतकं हलकं वाटलं होतं की मी दोन माणसांचा भात लावला.

मतदान शाळेत होतं. बाकी सगळ्या जागा बिनविरोध झाल्या होत्या, सरपंचाचीही. एका जागेसाठी एवढा खर्च, एवढी माणसं, दारात पोलीस, म्हणून गावाचे चेहरे आंबट झाले होते. वाडीची माणसं मात्र सकाळी सकाळीच आली. बायका ठेवणीतली लुगडी नेसून आल्या होत्या. आमदार-खासदाराला त्यांनी मत दिलं होतं, पण ज्या पंचायतीकडून त्यांच्या हंड्यात पाणी यायचं तिला आजवर कधी दिलं नव्हतं. एक म्हातारी बोटावरची शाई वाळवत मला म्हणाली, "बरा केलास. आमाला कोनी इचारला तरी." मी काही केलं नाही हो, माझा कागद राहिला, असं तिला सांगणार होतो. सांगितलं नाही.

मग मी आत गेलो. पुठ्ठ्याच्या आडोशामागे यंत्र होतं, त्यावर दोन नावं. वरचं माझं होतं. चिन्ह निवडायला मी गेलो नव्हतो म्हणून साहेबांनी उरलेलं कपाट मला दिलं होतं. मी आयुष्यात किती लोकांची नावं अर्जांवर लिहिली असतील! त्यांची आडनावं, वडिलांची नावं, वयं मला पाठ आहेत. माझं नाव सरकारने छापलेलं मी पहिल्यांदा पाहत होतो. आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, एक काना-मात्रा चुकलेली नव्हती. आणि मला दिसलं की या नावापुढे उद्या शून्य लिहिलं जाणार आहे. गावातला एकही माणूस माझा नाही हे सरकारी कागदावर लिहिलं जाणार, आणि त्यावर माझीही सही असल्यासारखं होणार.

मी कपाटाचं बटण दाबलं. शिट्टी वाजली. बाहेर येऊन मी मित्राकडे बघून मान हलवली आणि त्यानेही हलवली.

दुसऱ्या दिवशी मोजणी कर्जतला झाली. मी गेलो नाही. दुपारी जीप गुलाल उधळत आली, आणि निकाल माझ्यापर्यंत यायला वेळ लागला नाही. मित्राला तीनशेच्या वर मतं, आणि मला दोन.

दोन! मी ओटीवर बसून राहिलो. एक मत पडलं असतं तर माझी चोरी उघडी पडली असती, कारण एकच मत कुणाचं असतं हे शेंबड्या पोरालाही कळतं. दोन म्हटल्यावर झाकली मूठ राहिली. पण खरं सांगतो, चोरी लपल्याचा आनंद मला तेव्हा झाला नाही. मला वेगळाच आनंद झाला होता. एक माझं, मग दुसरं कुणाचं? या गावात कुणीतरी होतं. आडोशामागे एकटं उभं राहून, कुणी पाहत नसताना, कुणीतरी माझ्या नावावर बोट ठेवलं होतं.

संध्याकाळी मित्र आला. कपाळावर गुलाल, केसांत गुलाल. नेहमीच्या जागी बसला आणि सहज विचारावं तसं त्याने विचारलं, "तू कोनाला दिलंस रं?"

"तुलाच," मी म्हणालो. "नारळावर हात ठेवलावता ना."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. मी नजर हलवली नाही; कारकुनाला तेवढं येतं. मग तो म्हणाला, "बरं." आणखी थोडा वेळ बसला, ओटीच्या कडेला सांडलेला गुलाल हाताने गोळा करून त्याने अंगणात टाकला, आणि उठून गेला.

त्यानंतर तो ओटीवर आला नाही.

आधी वाटलं नवा सदस्य आहे, कामं असतील. मग वाटलं मला दोन मतं पडली याचा राग असेल. संशय आला असेल असंही वाटलं, पण संशयाला पुरावा लागतो, आणि पुरावा दुसऱ्या मताने झाकला होता. ग्रामसभेत भेटायचा. "बरा हायस ना?" विचारायचा. पाण्याच्या टाकीचं काम, वाडीच्या रस्त्याचं काम, सगळ्यात तो धडपडायचा, आणि हात वर करायची वेळ आली की मी त्याच्या बाजूने हात वर करायचो. तो हात त्याला दिसायचा. पण संध्याकाळ झाली की तो दुसऱ्या वाटेने घरी जायचा. गावकीनेही मला अर्जांना बोलावणं सोडलं. आता अर्ज संगणकावर भरतात, कशेळ्याला दुकान निघालं आहे.

मग मी दुसऱ्या मताला धरून राहिलो. हसू येईल तुम्हाला, पण पाच वर्षं मी तो माणूस शोधत होतो. रेशन दुकानातल्या बाईने एकदा तांदूळ मापाला जरा जास्त घातले, तर मला वाटलं हीच असेल. चुलत पुतण्या वाकून पाया पडला तेव्हा वाटलं हा. वाडीची ती म्हातारी तर नक्कीच, असं वर्षभर मी धरून चाललो होतो. तिला बाजारात पाहिलं की थांबून बोलायचो, आणि तिला कळायचं नाही की हा माणूस आपल्याशी एवढा गोड का बोलतो. एका माणसाचा पत्ता लागेना म्हणून मी सगळ्या गावाशी हसून वागायला लागलो. काही जण म्हणाले, म्हातारपणी स्वभाव सुधारला याचा. रात्री जेवायला बसलो की वाटायचं, या घरांपैकी एका घरात माझं माणूस आहे. ते बोलत नाही, पण आहे. एकट्या माणसाला एवढं पुरतं. पुरतं म्हणजे भागतं.

परवा पुन्हा निवडणूक लागली. सोडतीत आमच्या प्रभागातली ती जागा बायकांसाठी राखीव निघाली आणि गावकीने मित्राच्या बायकोचं नाव ठरवलं. गुरुवारी दुपारी ती माझ्याकडे आली. प्लास्टिकच्या पिशवीत अर्ज आणि दाखले होते. पाच वर्षांत त्या घरातलं कुणी माझ्या ओटीवर चढलं नव्हतं.

"भावजी, कंप्युटरवाल्यानं भरलंय सगळं," ती म्हणाली. "पन हे म्हनले, एकदा तुमच्या नजरंखालून घाल. मंगच दे म्हनले."

मी चष्मा लावला. कागद मांडीवर ठेवून वाचले. एका दाखल्यावर शिक्का पुसट होता, तेवढा दुसरा घ्यायला सांगितला. बाकी सगळं चोख होतं.

"डमी कोण आहे, वहिनी?"

"आमच्या जाऊबाई." ती हसली. "त्येंचा अर्ज मागं घ्याचा मातर कोनी इसरू नका रं बाबा. न्हायतर मला पन एक मत त्येंना टाकावं लागंल."

"म्हणजे?"

"म्हंजी काय? तवा तुमाला टाकल्यालं ना मी. ह्यांनीच सांगितल्यालं आदल्या दिशी, तुमच्याकडनं आल्यावर. म्हनले, तो काय सोताला देनार नाय, शबुद दिलाय त्यानं. मंग त्याच्या नावाफुडं पूज्य लागंल. गावात जलमला, गावाची कागदं लिव्हली, आन् त्याला पूज्य? तू एक टाक त्याला. मी टाकलं."

अंगणात ऊन होतं. मी कागदांच्या कडा जुळवत राहिलो. जुळलेल्या होत्या, तरी जुळवत राहिलो. पाच वर्षं ज्या माणसाला मी रेशन दुकानात, बाजारात, वाडीत शोधलं, तो रोज माझ्या डोळ्यांसमोर दुसऱ्या वाटेने घरी जात होता. आणि निकालाच्या दिवशी दोन मतं ऐकल्याबरोबर त्याला कळलं होतं की एक घरचं आहे, आणि दुसरं कुणाचं आहे. ते कळून तो गुलालाने माखलेला माझ्याकडे आला होता. भांडायला आला नव्हता. मी खरं सांगितलं असतं तर तो हसला असता, एवढं मी त्याला ओळखतो. पोट धरून हसला असता.

"मग त्या दिवशी," मी विचारलं, "मोजणीच्या दिवशी, तो इकडून घरी आला तेव्हा काय म्हणाला?"

"काय नाय. गप जेवले."

"माझ्याबद्दल काहीच नाही?"

"नाय. आजपत्तुर नाय." तिने पिशवी आवळली आणि सरळ माझ्याकडे पाहिलं. "मी लय डाव इचारलं, भावजींकडं का जात नाय तुमी? सांगतच नाय. काय झालं वो तुमच्यात?"

त्याने बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. नारळावर हात ठेवून शब्द मोडला, वर तोंडावर खोटं बोलला, असं त्याने गावात एकदा म्हटलं असतं तर मला तोंड दाखवायला जागा उरली नसती. पाच वर्षं त्याने माझी मूठ झाकून धरली होती.

"त्याने मला एक विचारलं होतं," मी म्हणालो. "मी खोटं सांगितलं."

तिला किती समजलं कोण जाणे. ती उठली, पदर नीट केला आणि रस्त्याकडे हात करून म्हणाली, "मंग त्येंनाच सांगा. थांबलेत तिकडं. मला सोडायला आले, पन आत नाय येत म्हनले."

वडाच्या पारापाशी तो मोटारसायकलवर बसला होता, माझ्या घराकडे पाठ करून. केस सगळे पांढरे झाले होते. समोरून तो इतका म्हातारा दिसत नाही. मी ओटीच्या कडेला उभा राहिलो. पायऱ्या उतरायचं धाडस होईना, म्हणून तिथूनच ओरडलो. शेजारच्या दोन घरांतली माणसं बाहेर आली असतील, येऊ देत.

"ते मत माझंच होतं रं! मीच मला दिलं!"

त्याने मान वळवली नाही. वहिनी जाऊन त्याच्या मागे बसली. त्याने गाडीला किक मारली, ती लागली नाही. त्याने पुन्हा मारली. गाडी सुरू झाल्यावर तिच्या आवाजावरून त्याचा आवाज आला.

"पाच वरसं लागली रं तुला."

मी पायऱ्या उतरेपर्यंत गाडी वळणाला लागली होती.